वाळवणाच्या खोलीतले निळे खडे

तिचं टोक नेहमी वेळेवर यायचं. माझंही यायचं, नाही असं नाही. पण तिचं टोक बघायला साहेब खुर्ची सोडून उठून यायचे, आणि माझं टोक लांबूनच बघून "ठीक आहे, ठीक आहे" म्हणायचे. आता टोक म्हणजे काय ते आधी सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, ही बाई एवढी जळतेय तरी कशावरून!

रोह्याच्या बाहेर औषधांचा कच्चा माल करणारी एक कंपनी आहे, तिच्या लॅबमध्ये मी नोकरी करते. एक माल काढून झाला की टाकी धुतात आणि मग दुसरा माल घेतात. मधल्या वेळात आमचं काम. धुतलेल्या टाकीच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा आणि आधीच्या मालाचा कण तरी राहिलाय का ते शोधायचं. पूर्वी हे मी काचेच्या नळ्या, चंबू आणि बाटल्या घेऊन करायचे. त्यात अर्धा दिवस जायचा, आणि प्रॉडक्शनवाले दारात उभे राहून "मॅडम, झालं का? टाकी अडलीय" म्हणून डोकं खायचे. मग मशीन आलं. शिलाई मशीनएवढंच, पण तोरा केवढा! त्याला स्वतंत्र एसीची खोली.

मशीन करतं काय? बोळ्यावरचा कण तापवून त्याची वाफ करतं, त्या वाफेला विजेचा भार देतं आणि हे भारलेले कण, म्हणजे आयन, एका नळीतून पळवतं. नळीच्या पलीकडच्या टोकाला वीज ओढत असते आणि नळीत हवा भरलेली असते. हवेला धडकत धडकत जो अंगाने लहान, सुटसुटीत, तो लवकर पोचतो. जो ऐसपैस पसरलेला, तो उशिरा. पोचायला किती वेळ लागला त्यावरून कोण आलंय ते मशीन ओळखतं. पापणी लवायच्या आत सगळा कारभार. पडद्यावर सरळ रेष पळत असते, आणि आयन पोचले की त्या रेषेला एक टोक उभं राहतं. टोक आपल्या वेळेला आलं पाहिजे. वेळ चुकली की मशीन त्याला ओळखच दाखवत नाही.

म्हणून नळीतली हवा कोरडी आणि शुद्ध लागते. मशीन खोलीतलीच हवा ओढून घेतं आणि खड्यांनी भरलेल्या एका जाड नळकांड्यातून गाळून वापरतं. खडे कोरडे असले की निळे दिसतात, दमट झाले की गुलाबी पडतात. गुलाबी पडले की ओव्हनमध्ये तापवायचे, परत निळे होतात. आमच्याकडच्या पावसात ते गुलाबी पडायला फार वेळ लागत नाही.

साहेबांनी सांगून ठेवलं होतं की गणपतीआधी मशीनचा चार्ज दोघींपैकी एकीला देणार. चार्ज म्हणजे नुसता शिक्का नव्हे. जिला चार्ज तिला कायमची जनरल शिफ्ट, ती एसीची खोली तिची, आणि टाकी स्वच्छ आहे की नाही हा शब्दही तिचाच. इतकी वर्षं माझ्या डोक्यावर उभे राहिलेले ते प्रॉडक्शनवाले माझ्या दारात येऊन "आत येऊ का, मॅडम?" म्हणून विचारणार, हे चित्र मी एसटीच्या खिडकीशी बसून कितीदा तरी रंगवलं होतं. मला ते मशीन हवं होतं. अगदी लहान पोराला जत्रेतलं खेळणं हवं असतं तसं हवं होतं.

दुसरी म्हणजे ती. रोह्याचीच. वडील हायस्कुलात मास्तर होते, घर कुंडलिकेपासून हाकेच्या अंतरावर. स्कूटीवरून येणार, ओढणीची घडी जशीच्या तशी, टिफिनमध्ये कधी कोशिंबीर, कधी फोडणीचा दहीभात. मी यायचे हमरापूरहून, पेणला एसटी बदलून, उभ्याने. कंपनीच्या गेटात शिरेपर्यंत माझी साडी कांदा-बटाट्याच्या पोत्यासारखी झालेली असायची. ती माझ्यामागून आली नोकरीला. आणि मला "मॅडम" म्हणायची. एवढा मान द्यायची की माणसाला आपलं वय आठवावं.

मशीनबरोबर एक जाडजूड पुस्तक आलं होतं. ते मीही वाचलं, तिनेही वाचलं. मी वाचलं ते चारचौघांत दोनदा बोलून दाखवलं. तिने वाचलं आणि त्याचा अवाक्षरानेही उल्लेख केला नाही. पण साहेबांनी काही विचारलं की उत्तर तयार. याला काय म्हणायचं? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. मी घरी येऊन भाकऱ्या थापताना तिच्या नावाने एकेक थाप जास्त मारायचे.

आषाढात लॅबचा ओव्हन बिघडला. नेमके त्याच वेळी खडे गुलाबी पडले, आणि जास्तीचे खडे संपलेले. दुकानदार म्हणाला, पावसामुळे माल यायला आठवडा तरी लागेल. साहेब कपाळाला हात लावून बसले. ती गप्प होती. ती गप्प आहे हे बघितलं मात्र, आणि मी म्हटलं, "माझ्याकडे द्या, साहेब. उद्या निळे करून आणते."

आमचा गणपतीचा कारखाना आहे. सासऱ्यांच्या वेळेपासूनचा. बाहेर पाऊस कोसळत असला तरी मूर्ती वाळवाव्याच लागतात, त्यासाठी मागे एक खोली आहे. चारी बाजूंनी प्लॅस्टिक लावलेली, आत मोठमोठे हॅलोजनचे दिवे आणि एक पंखा अखंड चालू. अख्ख्या पेण तालुक्यात पावसाळ्यात तेवढी कोरडी जागा सापडायची नाही. माझी धाकटी जाऊ तर तिथे पोरांचे गणवेश वाळवते, पापड ठेवते, मिरच्या ठेवते. म्हणून तर मी एवढ्या छातीठोकपणे बोलले.

"तिथे फक्त वाळवायचंच काम होतं ना, मॅडम?" तिने विचारलं.

"वाळवणाचीच खोली आहे ती," मी फणकाऱ्याने म्हटलं. "वाळवणाच्या खोलीत दुसरं काय करणार, बारसं?"

साहेब हसले. मला बरं वाटलं.

दोन पराती भरून खडे दिव्यांच्या खाली ठेवले. जावेनं मधून मधून उलथन्यानं परतले. सकाळी बघते तर काय, मोरपिसासारखे निळे! कंपनीत नेले तेव्हा साहेब म्हणाले, "वा! आमच्या ओव्हनला जमलं नसतं असं." तीसुद्धा म्हणाली, "किती छान निळे झालेत, मॅडम." आणि खरंच मनापासून म्हणाली. मला तेही आवडलं नाही. हिला जरा तरी झोंबायला नको का? मी तिच्या जागी असते तर दुपारचं जेवले नसते.

संध्याकाळी ते खडे नळकांड्यात भरले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची शिफ्ट तिची होती. रोज काम सुरू करायच्या आधी मशीनला दोन ओळखीचे नमुने दाखवायचे असतात. एक आमचा माल, आणि दुसरा एक क्षार, तो नुसता खुणेसाठी. खुणेचा क्षार बरोबर वेळेवर आला. आमच्या मालाचं टोक मात्र उशिरा आलं, इतकं उशिरा की मशीनने त्याला ओळखच दिली नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. प्रॉडक्शनवाले आरडाओरडा करायला लागले, टाकी अडली, साहेब धावत आले, आणि मशीनसमोर ती, कपाळाला आठ्या घालून. मी माझ्या टेबलावरून बघत होते. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या होत होत्या.

साहेब म्हणाले, हवेचा दाब बदलला असेल, नाहीतर नळीचं तापमान.

ती म्हणाली, "सर, दाब किंवा तापमान बदललं असतं तर दोन्ही टोकं सरकली असती. खुणेचं जागच्या जागी आहे. म्हणजे नळीतल्या हवेत काहीतरी भलतंच आहे, आणि ते फक्त आपल्या मालाला चिकटतंय."

हे पुस्तकात होतं. मीही वाचलेलं होतं, पण माझ्या तोंडात यायच्या आधी तिच्या तोंडात आलं. गोष्ट अशी की हवेत दुसरं काही मिसळलेलं असलं की त्याचे कण आयनच्या भाराला येऊन लटकतात. आपण बाजारातून घाईने निघावं आणि एक पोर कडेवर, एक पदराला लटकलेलं, अशी गत. अंग वाढतं, जास्त धडका बसतात, पोचायला उशीर. पण खुणेच्या त्या क्षाराचा भार अगदी आत, मधोमध असतो आणि चारी बाजूंनी त्याच्या फांद्या पसरलेल्या. त्याला कुणी लटकू म्हटलं तरी हात पोचत नाही. त्यामुळे हवा कशीही असो, तो आपल्या वेळेला हजर. मला तर वाटलं, हे क्षाराचं नाही, हिचंच वर्णन आहे. कशाचा म्हणून परिणाम नाही बाईवर!

"पण भलतं येणार कुठून?" साहेब म्हणाले. "खडे तर निळे आहेत. म्हणजे हवा कोरडी. कोरडी म्हणजे शुद्ध."

आम्ही तिघांनी खड्यांकडे बघितलं. होतेच निळे.

तेव्हा मी बोलले. म्हटलं, "साहेब, खडे काय करणार, आपणच हाताला, अंगाला काहीबाही लावून येतो. वासाची क्रीमं, अत्तरं." कुणाचं नाव घेतलं नाही. पण लॅबमध्ये हाताला क्रीम लावणारी एकच होती. साहेबांनी लगेच हुकूम काढला, क्रीम बंद, पावडर बंद, गजरासुद्धा बंद. ती दर वेळी मशीनला हात लावायच्या आधी कोपरापर्यंत साबणाने हात धुवायला लागली. धुऊन धुऊन तिच्या बोटांची साल निघाली. टोक तरीही उशिराच येत होतं, आणि साहेबांच्या कपाळावरची आठी तिच्याकडे बघूनच पडत होती. माझा आठवडा मोठा मजेत चालला होता. टाक्या परत माझ्या काचेच्या नळ्यांवर तपासल्या जात होत्या, आणि मी, जिला आतापर्यंत कुणी विचारत नव्हतं, ती सगळ्यांची ताई झाले होते.

गुरुवारी एसटीत माझ्या शेजारी एक म्हातारी बसली, वडखळला चढलेली, सुक्या मासळीची टोपली पायाशी घेऊन. थोड्या वेळाने तिनेच पदर नाकाला लावला.

"गणपतीच्या कारखान्यातली काय गो तू?"

"व्हय. कसं ओळखलंस?"

"वास येतोय गो! रंगाचा, थिनरचा. डोकं चढलं माझं."

मी सकाळी डोक्यावरून आंघोळ करून, धुतलेली साडी नेसून निघाले होते. आणि सुक्या मासळीची टोपली घेऊन बसलेली बाई मला सांगत होती की मला वास येतोय! मी तिला काहीतरी उलट बोलणार होते, आणि तोंड उघडलं तेवढ्यात डोक्यात लख्ख उजेड पडला.

आमच्या घरात कुणालाच थिनरचा वास येत नाही. जन्मभर त्यातच राहिल्यावर येणार कुठून? मूर्तीच्या मुकुटाचा, दागिन्यांचा सोनेरी रंग आम्ही थिनरमध्ये कालवतो. आणि सोनं चढवलेल्या मूर्ती वाळायला कुठे जातात? त्याच खोलीत. प्लॅस्टिकने बंद केलेल्या त्याच खोलीत माझे खडे रात्रभर दिव्यांखाली बसले होते. त्यांनी पाणी सोडलं असेल, पण जे मिळालं ते प्यायलेही असणार. आणि मशीनच्या हवेत आता घोट घोट ओकत होते. खड्यांचा निळा रंग फक्त पाण्याचं सांगतो, थिनरचं त्याला काय कळणार! कोरडी हवा होती ती, शुद्ध नव्हती. नागोठणं कधी मागे गेलं मला समजलंसुद्धा नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई पळत साहेबांकडे गेली असेल. छे! मी माफी मागायला बसलेले नाही, म्हणून जे झालं ते सांगते. नवे खडे शुक्रवारी येणार होते. मी ठरवलं, गप्प बसायचं. नवे खडे आपणच भरायचे, टोक आपोआप जागेवर येईल, आणि सगळे म्हणतील, बघा, क्रीम बंद केलं आणि मशीन सुधारलं. चार्ज मला. बेत इतका चोख होता की मी रोह्याच्या स्टँडवर उतरून एक कटिंग चहा प्यायले.

त्याच दुपारी साहेबांनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, वरून विचारणा झालीय, आज काहीतरी कारण सांगावंच लागेल. कुणाला काही सुचतंय?

ती म्हणाली, "सर, मला वाटतं, ते खडे…" आणि थांबली. माझ्याकडे बघितलं.

आणि मला ते सहन झालं नाही. हे उत्तर माझं होतं. एसटीत त्या म्हातारीचे टोमणे मी ऐकले होते, थिनर माझ्या घरचा होता, खोली माझी होती, आणि ही बाई आता ओढणी सावरत माझ्याच घरचं उत्तर माझ्यासमोर सांगणार? साहेब पुन्हा खुर्ची सोडून उठणार? मी टेबलावर हातच आपटला.

"खड्यांना थिनर लागलाय!" मी ओरडले. "आमच्या खोलीतला! माझ्या खड्यांना!"

मग काय, सगळंच बाहेर पडलं. सोनेरी रंग, बंद खोली, निळेपणा कशाचं सांगतो आणि कशाचं नाही, खुणेच्या क्षाराला थिनर का लटकू शकत नाही आणि आमच्या मालाला का लटकतो, एका दमात. सचोटीबिचोटी काही नव्हती त्यात. मी जळून बोलले. ती बोलायच्या आधी मला बोलायचं होतं, बस्स. बोलून झाल्यावर मला कळलं की चार्ज माझ्या हातचा गेला.

शुक्रवारी नवे खडे आले. भरले. दोन्ही टोकं आपापल्या वेळेवर. मग साहेबांनी मुद्दाम थिनरचा एक बोळा आमच्याकडून मागवून मशीन हवा ओढतं तिथे, नळकांडं काढून, क्षणभर धरायला लावला. आमच्या मालाचं टोक लगेच मागे सरकलं, खुणेचं हललं नाही. साहेब पडद्यावरून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "मशीन चुकलं की दुसऱ्याकडे बोट दाखवणारे पुष्कळ असतात. स्वतःच्या घरापर्यंत जाऊन चूक शोधणारी व्यक्ती मला चार्जला पाहिजे."

आणि चार्ज मला दिला.

मला! ती हसली, माझा हात हातात घेऊन म्हणाली, "अभिनंदन, मॅडम." तिची बोटं खरखरीत लागली. मला वाटलं, चला, आता तरी हिच्या पोटात दुखलं असेल. केवढा आनंद झाला मला त्या विचाराने, काय सांगू! पेणला उतरून पेढे घेतले, चांगले मोठ्या डब्यातले.

घरी आले तेव्हा जाऊ कारखान्यात बसून एका मूर्तीच्या मुकुटाला सोनं लावत होती. तिच्या तोंडात पेढा कोंबला, सगळी हकीकत सांगितली, साहेब काय म्हणाले, मी कशी टेबलावर हात आपटून बोलले. ती पेढा खाता खाता ऐकत होती. ब्रश थांबला नव्हता तिचा.

"म्हणजे तुमाला सापडलं शेवटी," ती म्हणाली. "ती पोरगी बरोबर बोलली मग."

"कुठली पोरगी?"

"तुमच्या कंपनीतली, रोह्याची. सोमवारी फोन आलेला नाय का तिचा कारखान्याच्या नंबरावर. विचारत होती, मुकुटाला काय लावता, कशात कालवता, न मूर्ती वाळत कुठं ठेवता. मी सांगितलं, थिनरमधी, न मागच्या खोलीत. तर म्हणाली, मॅडमना बोलू नका मी फोन केला म्हणून. त्यांचं त्यांना सापडंल."

मी पेढ्याचा डबा खाली ठेवला. सोमवारी. मला म्हातारी भेटली गुरुवारी. म्हणजे सोमवार, मंगळवार, बुधवार ती साबणाने हात धूत होती, बोटांची साल काढून घेत होती, साहेबांची आठी झेलत होती, आणि तिला माहीत होतं. केबिनमध्ये "ते खडे" म्हणून थांबली ती अडखळून नव्हे. मला वाट करून देत होती. मी तिच्याकडून हिसकावून घेतलं म्हणून खूश होते, आणि तिने ते माझ्या ताटात वाढलं होतं. का, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. दया आली असेल? की तिला मशीनची गरजच वाटली नसेल, मशीन नसलं तरी आपलं काही अडत नाही अशी खात्री असेल? त्या खात्रीचाच तर मला सगळ्यात जास्त हेवा वाटतो.

"काय झालं, ताई?" जाऊ म्हणाली. "आनंद नाय झाला?"

"झाला ना," मी म्हटलं.

आता खोली माझी आहे. प्रॉडक्शनवाले दारात उभे राहून विचारतात, मी मान हलवते. तीही येते बोळे घेऊन, पूर्वीसारखीच, "मॅडम" म्हणते, नमुना ठेवते आणि जाते. मी तिला त्या फोनबद्दल विचारलेलं नाही. कारण मला ठाऊक आहे, ती म्हणेल, "कुठला फोन, मॅडम?" आणि ते इतक्या सहज म्हणेल की मला त्या खोटं बोलण्याचासुद्धा हेवा वाटेल.